दांडीस पाठ दाखवून फत्ते केली, त्याची हकिकत

वाचणारांचे कल्याण असो आणि ऐकणारांचे गुडघे शाबूत असोत. थोरल्या बाईसाहेबांनी खुद्द आज्ञा केली की, दांडीवरील स्वारीचा मजकूर साद्यंत लिहून ठेवावा. कारण फत्ते होऊन फार दिवस लोटले नाहीत तोच दोन्ही साडू आपापल्या सोईने कथा सांगू लागले, आणि थोरल्यांच्या कथेत दांडीची उंची दर जेवणास बोटभर वाढू लागली, आणि धाकट्यांच्या कथेत थोरल्यांची अक्कल दर जेवणास बोटभर घटू लागली. सबब आज्ञा शिरसावंद्य मानून, कोणाची भीड न धरता, जैसे घडले तैसे लिहिले आहे. यात पदरचे काही नाही. असलेच तर ते विशेषणांपुरते.

प्रथम उभय साडूंचे वर्तमान. थोरले साडू म्हणजे छापखान्याचे धनी. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच, यंत्रांच्या खडखडाटात हुकूम सोडण्याची सवय असल्याने घरी मीठ मागितले तरी शेजारची बिऱ्हाडे दचकत. तरुणपणी कॉलेजात ते उंच उडीचे अव्वल वीर होते, आणि पन्नाशी उलटली तरी शहरातील प्रौढांच्या मैदानी स्पर्धेत दरसाल खासा उतरत. त्यांची उडी पोटउडी. पोटउडी म्हणजे काय, तर दोन खांबांवर आडवी दांडी निजलेली असते, तिजकडे वीराने तिरपे धावत यावे, तिच्या जवळचा पाय जमिनीत रोवावा, दुसरा पाय आभाळाकडे भिरकवावा, आणि दांडी डोळ्यांनी नीट पाहत, तीस पोटाखालून काढून, पलीकडे गडबडा लोळावे. या रीतीने थोरल्यांनी तरुणपणी बहुत दांड्या जिंकल्या, आणि ती रीत हीच जगात एक रीत, असा त्यांचा पक्का ग्रह होता.

धाकटे साडू शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्राध्यापक. माणसाचे अंग धावताना, उडताना, पडताना कोणत्या नियमाने चालते, हे शास्त्र ते शिकवीत. अंगकाठी सडपातळ, चष्मा जाड, बोलणे मऊ परंतु न थांबणारे. उडी या विषयावर त्यांचा दरारा मोठा. लांबलांबचे खेळाडू त्यांस सल्ला पुसत. परंतु खुद्द त्यांनी जन्मात उडी म्हणून मारलेली नव्हती, आणि रस्त्यात डबके आले तरी ते वळसा घालून जात.

या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांत थोरली ती थोरल्यांची बायको, म्हणजे वर सांगितलेल्या थोरल्या बाईसाहेब. एकाच इमारतीत थोरल्यांचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर आणि धाकट्यांचे खालच्या. रविवारी दोन्ही घरांची पंगत एकत्र बसे, आणि त्या पंगतीस बहिणी आठवडाभर डोळे लावून असत, कारण त्यांचे खरे बोलणे त्याच दिवशी होई.

तो ऐसे जाहले की, एका रविवारी जेवणे आटोपून मंडळी सुपारी कातरीत बसली असता थोरल्यांनी आगामी स्पर्धेचा विषय काढला, आणि आपली उडी गेल्या साली एक मीटर चाळीसवर का अडली याची कारणे सांगू लागले. वाऱ्याचा दोष सांगितला, मैदानाचा सांगितला, पंचांचाही सांगितला. धाकट्यांनी बहुत वेळ ऐकून घेतले आणि मग खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि अर्ज केला की, दादांनी या टॉवेलाकडे पाहावे. हा टॉवेल खुर्चीवरून पलीकडे गेला आहे, तरी त्याचा बहुतेक भाग दोन्ही अंगांस खाली लोंबतो. तद्वत माणूस दांडीकडे पाठ करून, कमानीसारखा मागे वाकून उडाला, तर त्याचे एक एक अंग पाळीपाळीने वरून जाते, प्रथम डोके, मग पाठ, मग कंबर, मग पाय, आणि बाकीचे अंग तेव्हा दांडीच्या खालीच असते. आपल्या एकंदर वजनाचा जो मधला बिंदू, ज्यास गुरुत्वमध्य म्हणतात, तो एरवी बेंबीपाशी मुक्काम करून असतो. परंतु अंगाची कमान झाली की तो अंग सोडून पाठीखालच्या रिकाम्या हवेत येतो, आणि दांडीच्या खालून निघून जातो. सबब जोर तितकाच, उडी तितकीच, आणि दांडी मात्र अधिक उंच.

थोरल्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विचारले, "म्हणजे मी वरून जायचं आणि माझं वजन खालून जायचं?"

"तसंच म्हणा, दादा."

"मग वजन घरीच ठेवून येतो की!"

यावर दोघी बहिणी हसल्या, आणि तेथेच विषय मिटता तर ही बखर लिहावी न लागती. परंतु धाकट्यांनी मोबाइल काढून पाठउडीची चित्रे दाखविली, आणि ती पाहून थोरल्यांचा चेहरा लाल जाहला, आणि त्यांनी जाहीर केले की, शत्रूस पाठ दाखविणे हे पळपुट्यांचे काम, आमच्या घराण्यात आजवर कोणी दांडीस पाठ दाखविली नाही आणि दाखविणार नाही.

"दादा, तुमच्या घराण्यात दुसऱ्या कोणी उडीच मारलेली नाही," धाकटे मऊपणाने म्हणाले. "आणि खरं सांगू? तुमचीही ती उडी नाहीच. ते कुंपण ओलांडणं आहे."

 थोरले उठले, आणि चप्पल न घालता जिना चढून गेले, आणि वरचे दार आपटले ते खालच्या तसबिरींस समजले.

तेव्हापासून जिना ही सरहद्द जाहली. धाकट्यांचे दार उघडे दिसले की थोरले वरच्या वळणावर थबकत आणि ते लागेतो वर्तमानपत्र वाचल्याचे सोंग करीत. रविवारची पंगत मोडली. बहिणींनी मात्र वकिली चालू ठेविली. जिन्याच्या मधल्या वळणावर पातेल्यांची ये-जा होई, आणि पातेले देण्यास जितका वेळ लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागे, आणि कोणा नवऱ्याचे पाऊल वाजले की दोघी आपापल्या मुलखात परतत. धाकटी म्हणे, "ताई, हे किती दिवस चालायचं गं?" आणि थोरली म्हणे, "ह्यांची दांडी पडेपर्यंत."

आणि दांडी पडली. स्पर्धेच्या दिवशी थोरले मोठ्या तयारीने मैदानी उतरले, आणि एक मीटर तीसपर्यंतची ठाणी सर केली, आणि एक मीटर पस्तीसला दगा जाहला. पाय गेला, छाती गेली, हात गेले, आणि पोटाने ऐनवेळी फितुरी केली. छापखान्याची भरभराट होता होता पोटही भरभराटीस आले होते, ते दांडीस हळूच लागले, आणि दांडी खाली आली. तिन्ही यत्नांत ऐसेच जाहले. त्याच ठाण्यावर औषधांच्या दुकानाचे मालक, वयाने थोरल्यांच्या बरोबरीचे आणि गोलसर बांध्याचे, पंचांस नमस्कार करून, वळसा घेत धावत आले, आणि दांडीकडे पाठ करून उताणे पलीकडे गेले, आणि हसत हसत गादीवरून उतरले. मग थोरल्यांपाशी येऊन म्हणाले, "गुडघ्याला लावायला छान मलम आलंय. दुकानावर या." हे बोलणे त्यांनी निर्मळ मनाने केले, आणि म्हणून ते अधिक लागले.

घरी येऊन थोरले बुटांची नाडी न सोडता खुर्चीत बसून राहिले. आवाज म्हणून नव्हता. मीठ कमी होते तरी मागितले नाही. तेव्हा थोरल्या बाईसाहेबांस चिंता वाटली. ओरडणारा नवरा त्यांस ठाऊक होता, गप्प बसलेल्या नवऱ्याचे काय करावे हे ठाऊक नव्हते. त्यांनी जिन्याच्या वळणावर बहिणीस गाठले, मसलत केली, आणि दोघींनी मिळून तह ठरविला, आणि आपापल्या नवऱ्यास तो जेवणाच्या ताटावर ऐकविला. धाकट्यांनी कुंपणाचा शब्द मागे घ्यावा. थोरल्यांनी पाठउडी शिकावी आणि धाकट्यांनी ती शिकवावी. जो कोणी आढेवेढे घेईल त्याने आपले जेवण आपण रांधावे. थोरल्यांनी तह पत्करला, परंतु एक कलम आपल्या पदरचे घातले की, जो शिकवील त्याने आधी स्वतः उडून दाखवावे. हे कलम खाली पोहोचले तेव्हा धाकट्यांच्या हातातला घास हातातच राहिला. परंतु दुसऱ्या अंगास स्वयंपाकाची धमकी उभी होती, सबब त्यांनी मान डोलावली, आणि वेळ येईल तेव्हा पाहू ऐसा मनाशी विचार केला.

मग मोहीम सुरू जाहली. कॉलेजच्या व्यायामशाळेमागील मैदानावर जाड गादी होती, दोन खांब होते, दांडी होती. धाकट्यांनी चुन्याने धावेची वाट आखली. ती आरंभी सरळ आणि शेवटी विळ्यासारखी वळलेली. थोरल्यांनी पुसले की, सरळ माणसास वाकडे का धाववता. धाकट्यांनी अर्ज केला की, वळणावर सायकलवाला जसा आतल्या अंगास कलतो तसे दादाही कलतील, म्हणजे दांडीपासून दूर. मग शेवटचा पाय रोवताच ते कललेले अंग आपोआप उभे होईल, आणि उभे होता होता दांडीवर झुकू लागेल. हवेत जी गिरकी हवी तिचे बीज जमिनीवरच पेरावे लागते, कारण पाय सुटल्यावर माणसाची वाट ठरून जाते, मग हवेत कितीही हातपाय झाडले तरी ती बदलत नाही. थोरल्यांस हे बोलणे आवडले नाही, परंतु खोटेही म्हणता येईना.

आणखी एक बखेडा ऐसा की, पोटउडीत दांडीच्या जवळचा पाय रोवतात आणि पाठउडीत दांडीपासून दूरचा. थोरल्यांचा भरवशाचा पाय डावा. आयुष्यभर ते डावीकडून चालून गेले होते, आणि आता तोच पाय राखावयाचा तर उजवीकडून चालून जावे लागणार होते. थोरले सवयीने डावीकडूनच निघत, आणि ऐन दांडीपाशी पायांची अदलाबदल करू जात, आणि आपल्याच पायात आपण अडकून, दांडी, खांब आणि स्वतः अशी तिहेरी पडझड करीत. धाकटे ओरडत, "दादा, उजवीकडून!" आणि थोरले मातीतून ओरडत, "माहीत आहे मला!" अशा रीतीने बरेच दिवस गेले, आणि मग एके सकाळी पाय आपण होऊन उजवीकडे वळले, आणि थोरल्यांनी तशी बढाई मारली की जणू उजवी बाजू त्यांनीच शोधून काढली.

मग शेवटच्या दोन पावलांचा डाव शिकविला. शेवटून दुसऱ्या पावलास कंबर किंचित खाली सोडावी, आणि शेवटचे पाऊल झटक्याने, अंगाच्या पुढे, जवळजवळ ताठ टेकवावे, म्हणजे धावेचा सारा जोर त्या पायावर आदळून वरच्या दिशेस वळेल. तो गुडघा फार वाकला तर जोर त्यातच जिरून जाईल. थोरल्यांनी तैसे केले. गुडघ्यातून कट्‌ ऐसा आवाज निघाला, आणि उभय साडू आपापल्या जागी थिजले, आणि मग थोरले म्हणाले, "काही नाही. रोज निघतो." उडी मात्र अशी उठली की धाकट्यांच्या तोंडून "वा, दादा!" निघून गेले, आणि ते दोघांनीही न ऐकल्यासारखे केले.

येथवर सर्व ठीक जाहले आणि येथेच मोहीम अडली. धाव बरोबर, पाय बरोबर, उठाव बरोबर. परंतु हवेत जाताच थोरले मान वळवून खाली पाहत. मान वळली की खांदे वळत, खांदे वळले की कंबर खचे, आणि जेथे कमान व्हावी तेथे खुर्चीत बसल्यासारखी आकृती होऊन थोरले दांडीवर बैठक मारीत. धाकट्यांनी आकडे सांगितले, कोन सांगितले, मोबाइलवर चित्रे काढून दाखविली. थोरले ती पाहून म्हणाले, "हा मी नव्हेच." दर दिवशी दांडी खाली येत गेली, प्रथम छातीएवढी, मग कमरेएवढी, मग त्याहूनही खाली, आणि दांडी जितकी खाली येई तितका थोरल्यांचा आवाज वर जाई. शेवटी त्यांनी हुकूम सोडला की हे शास्त्र बाष्कळ आहे, मोहीम बरखास्त, आणि बूट काढून गवतावर फेकले.

त्या समयी थोरल्या बाईसाहेब बहिणीस घेऊन, चहाचा थर्मास घेऊन मैदानी आल्या होत्या. त्यांनी बूट उचलला, दुसरा शोधून आणला, आणि नवऱ्याच्या शेजारी गवतावर बसल्या.

"तुम्हाला पाठीवर पडायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "एवढंच आहे ते."

"भीती? मला?"

"न्हाव्याच्या खुर्चीत तुम्ही मान मागे टाकत नाही. दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली तेव्हा तुम्ही उठून घरी आला होतात. गाडीत उलट्या तोंडाच्या बाकावर तुम्ही बसत नाही. इतकी वर्षं बघतेय मी."

थोरले गवत उपटू लागले. मग जो आवाज यंत्रांवर चढत असे तो अगदी खाली आला. "काय होणार ते समोर दिसलं पाहिजे गं मला. छापखाना काढला तोही बघूनच. न बघता मी कधी काही केलं नाही."

"आणि मी?" बाईसाहेब म्हणाल्या. "मी काय बघून उडी मारली होती? लग्नाआधी तुम्हाला पाऊण तास पाहिलं होतं. त्यात अर्धा वेळ तुमचे काका बोलत होते."

धाकटी फस्सकन हसली.  वेढ्यात सापडले की सेनापती जे करतात तेच थोरल्यांनी केले, म्हणजे मोर्चा दुसरीकडे वळविला. तहातील कलम त्यांनी बाहेर काढले. शिकविणाराने आधी उडून दाखवावे. आजवर धाकट्यांनी कधी घोटा लचकल्याचे, कधी चष्म्याचे, कधी कॉलेजातील बैठकीचे निमित्त करून हे कलम टाळले होते. आता दोन्ही बहिणी समोर होत्या.

 धाकट्यांनी दांडी आपल्या कमरेच्याही खाली आणविली, त्यावर कोणी हसले नाही. मग चष्मा काढून बायकोच्या हाती दिला, आणि चष्मा जाताच त्यांची नजर अशी काही भिरभिरू लागली की बायकोने दंडास धरून त्यांचे तोंड दुसरीकडे वळविले. "अहो, दांडी तिकडे आहे," ती म्हणाली. "जपून हं."

आणि धाकटे निघाले. ज्यांनी डबके कधी ओलांडले नाही ते सरळ धावले, मग वळणावर कलले, मग कंबर सोडून पाऊल ताठ रोवले. सारे जसे वर्गात शिकवीत तसेच, अक्षरशः धड्यासारखे, फक्त दोन्ही हात पुढे, अंधारात भिंत चाचपावी तसे. पाय सुटला, पाठ दांडीवरून घसरत गेली, पाय मागून आले, आणि धाकटे गादीत धप्प पडून दिसेनासे जाहले.

गादीतून आवाज आला, "पडली का?"

"नाही पडली," त्यांची बायको ओरडली.

"नक्की?"

थोरले चालत गेले, आणि दांडीवर हात ठेवून ती जाग्यावर आहे याची खात्री केली, आणि मग गादीपाशी जाऊन वाकून पाहू लागले. "प्राध्यापक, तुम्हाला दिसत होतं काय?"

"काहीच नाही, दादा. धावतानाही काही दिसत नव्हतं."

"मग भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मला रोजच वाटते. रस्ता ओलांडताना वाटते, वर्गात शिरताना वाटते. तुमच्या दारावरची घंटा वाजवायची तर फारच वाटते." धाकटे चाचपडत उठून बसले. "वाटली तरी पाय टाकायचा, एवढंच मला माहीत आहे."

थोरल्यांचा आजवर समज ऐसा होता की, भीती ही भित्र्यांसच वाटते, आणि ज्यास वाटत नाही तो वीर. सबब आपणांस जे वाटते त्यास त्यांनी कधी नावच दिले नव्हते. आता हा डोळ्यांनी अधू, मऊ बोलणारा गृहस्थ ती गोष्ट जेवणाबद्दल बोलावे तशी बोलून गेला होता. थोरल्यांनी हात देऊन त्यांस गादीतून ओढून काढले. मग स्वतः गादीकडे पाठ करून उभे राहिले. बाईसाहेब गादीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी इथे आहे. पडा." थोरले पडले, परंतु अर्ध्यातून वळून कोपरावर आले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले, या खेपेस बसल्यासारखे. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. मग एका खेपेस थोरल्यांनी श्वास सोडला, मान मागे टाकली, आणि कापलेल्या झाडासारखे पाठीवर आडवे जाहले, आणि गादीने फुस्स करून त्यांस पोटात घेतले. तेथून मोहिमेचा रंग पालटला, आणि दांडी पुन्हा वर चढू लागली, आणि रविवारची पंगतही बसू लागली, जरी पंगतीत उडीवाचून दुसरा विषय निघत नसल्याने बहिणींस स्वयंपाकघरात जाऊन बोलावे लागे.

पुढच्या सालची स्पर्धा आली. वारा मंद, ऊन कोवळे, दोरीपलीकडे प्रेक्षक म्हणून खेळाडूंचे नातलग, आणि त्यांत धाकटे साडू, ज्यांस इतर प्रेक्षकांप्रमाणेच मैदानात पाऊल टाकण्याची मनाई होती. थोरल्यांनी एक मीटर तीस सर केले, आणि मागल्या सालचे फितुरीचे ठाणे एक मीटर पस्तीस तेही पहिल्याच यत्नात सर केले, आणि पोटास या रीतीत काही काम नसल्याने ते बिचारे मुकाट वरून गेले. मग दांडी एक मीटर चाळीसवर चढली. औषधवाल्यांनी ती पार केली. थोरल्यांचा पहिला यत्न फसला, पाठीनेच दांडी नेली. दुसराही फसला, अंग सारे पलीकडे गेले आणि टाचांनी घात केला.

आता तिसरा यत्न, आणि तो गेला की सारे गेले. थोरले आरंभाच्या खुणेवर उभे राहिले, कपाळ पुसले, आणि जे त्यांनी छापखान्यात, घरात वा मैदानावर आजवर कोणासमोर केले नव्हते ते केले, दोरीकडे वळून विचारले, "काय चुकतंय?"

धाकट्यांनी दोरीवर पोट टेकून, ओणवे होऊन, मऊ आवाज टाकून खणखणीत आवाज काढला. "फार जवळ जाऊन उठताय, दादा! तुमच्या उडीचा माथा दांडीच्या पलीकडे पडतोय. एक पाऊल मागून निघा. आणि कंबर गेली रे गेली की हनुवटी छातीला, पाय वर!"

थोरल्यांनी खूण उचलली आणि एक पाऊल मागे ठेविली. वाद घातला नाही. बाईसाहेबांनी धाकट्या बहिणीचा हात धरला तो इतका की बांगडी रुतली. थोरले निघाले. सरळ धाव भरधाव, वळणावर अंग आत कलले, कंबर किंचित खाली सुटली, डावा पाय पुढे पडून खिळ्यासारखा रुतला, गुडघ्याने आपला नित्याचा आवाज केला, आणि ते थोरले शरीर, छापखान्यासकट, पोटासकट, बावन्न वर्षांसकट, वर उठले. डोके गेले, आणि मागे वळून पाहिले नाही. खांदे गेले. पाठ वाकली, कंबर दांडीवरून सरकली, आणि दोरीपलीकडून धाकट्यांची आरोळी आली, "पाय!" हनुवटी छातीस गेली, पाय झटक्याने सुटले, आणि उजव्या टाचेने जाता जाता दांडीस जरासे पुसले. दांडी हलली. दोन्ही टोकांस थरथरली, उठली, बसली, पुन्हा उठली, आणि सारे मैदान श्वास रोखून उभे असता, बसली ती बसलीच. पंचांनी पांढरे निशाण वर केले.

धाकटे साडू दोरीखालून घुसू लागले, दोरीत चष्मा अडकला, आणि तेथेच ते चाचपडत राहिले.

परंतु गादीवर हालचाल नव्हती. थोरले जैसे पडले तैसे पडून होते, हात पसरलेले, डोळे उघडे. पंच म्हणाले, "उठा साहेब," तरी उठेनात.  मान मोडली, छातीत कळ आली, काय काय बाईसाहेबांच्या मनात आले, आणि त्या दोरी ओलांडून, चपला मैदानात टाकून, मनाईचे फलक न मानता धावत सुटल्या, आणि पदर खोचून गादीवर चढल्या. गादी त्यांच्या पावलांखाली खचू लागली आणि त्या तोल सावरीत, गुडघ्यांवर रांगत नवऱ्यापाशी पोहोचल्या.

"अहो! काय झालं? लागलं का?"

"काही नाही गं," थोरले वर आभाळाकडे पाहत म्हणाले. "मजा येतेय. पडू दे जरा."

पंच शिट्टी फुंकीत आले, आणि फर्मावले की, गादीवर खेळाडूवाचून कोणी येऊ नये, पुढील खेळाडू खोळंबले आहेत, बाईंनी तत्काळ उतरावे. बाईसाहेबांचा श्वास अजून खाली बसला नव्हता, आणि डोळ्यांत पाणीही होते, आणि रागही होता. "नवरा आहे माझा," त्या म्हणाल्या. "उठला की देते तुमची गादी." यावर नियमांच्या पुस्तकात काही लिहिलेले नसावे, कारण पंच शिट्टी हातात घेऊन उभे राहिले.

पुढे औषधवाल्यांनी याहून उंच दांडी पार केली आणि पदक त्यांस गेले, हे खरे. परंतु तो मजकूर त्यांच्या बखरकाराने लिहावा. आमच्याकडून जे विजय म्हणून नमूद व्हावयाचे ते इतकेच. दांडी एक मीटर चाळीस. वीर छापखान्याचे धनी. यत्न तिसरा. दांडी हलली, पडली नाही. वीर पाठीवर पडले, आणि बायकोने हात दिला तेव्हा उठले.